भरतीच्या पोरांमध्ये एक मामी

आमच्या भागात पायी चालणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. हातात झेंडा, गळ्यात भगवा दुपट्टा, तळपायाला फोड अशा थाटात सौंसरहून, पांढुर्ण्याहून, पार नागपूरहून लोक जामसांवलीच्या मारोतीला पायी येतात. रस्त्यावरची माणसं त्यांना बोलावून पाणी पाजतात, चहा देतात. नवस आहे, चालायचंच. अठरा-वीस वर्षांचा पोट्टा धावताना दिसला तरी कोणाला नवल वाटत नाही, भरतीची तयारी चाललेली असते. पण पोस्टात काउंटरवर बसणारी, चाळिशी उलटलेली, दोन लेकरांची आई पंजाबी ड्रेसवर बूट घालून पहाटे धावत सुटली, की लोकांना तिचं काय करावं ते कळत नाही. सुरुवातीला बोरगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारे मोटरसायकलवाले माझ्याजवळ आले की गाडी हळू करायचे. "काकू, काय झालं? बसा, सोडून देतो." कोणाला वाटायचं बस चुकली, कोणाला वाटायचं घरी कोणी सिरियस आहे. एका म्हाताऱ्या बाबांनी तर सायकल आडवी लावून विचारलं, "कोन गेलं, बाई?"

कोणी गेलं नव्हतं. भाची आली होती.

नणंदेची पोरगी बारावी झाली आणि तिनं ठरवलं, पोलिसात जायचं. मध्य प्रदेश पोलीस नाही तर सीआरपीएफ, बीएसएफ, जे आधी निघेल ते. तिच्या गावात धावायला रस्ता आहे, पण सोबत नाही. आमच्याकडे पोरं-पोरी जमतात, एक रिटायर्ड फौजी काका त्यांच्याकडून तयारी करून घेतात, हे तिला कुठून तरी कळलं आणि दिवाळीनंतर ती बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली. प्रॅक्टिस पहाटे पावणेपाचला. त्या अंधारात परक्याच्या लेकीला एकटं कसं पाठवायचं? नणंदेला काय तोंड दाखवणार? म्हणून मी स्कूटीवर तिला घेऊन जाऊ लागले. राखणदार म्हणून. धावायचा विचार माझ्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आला नसावा.

याला क्लब म्हणावं की नाही, मला अजून सांगता येत नाही. नाव नाही, फी नाही, टी-शर्ट नाही. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे आणि त्याचं नाव दर भरतीला बदलतं. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर चुन्यानं दोनशे मीटरचा गोल आखलेला आहे. तो पावसानं धुतला गेला की पोरं वर्गणी काढून चुना आणतात. एका कोपऱ्यात लांब उडीसाठी वाळू, दुसऱ्या कोपऱ्यात झाडाच्या आडव्या फांदीला बांधलेला लोखंडी पाइप, त्यावर बीम मारायचे. गोळाफेकीचा गोळा एकच. तो रात्री काकांच्या घरी झोपतो.

मी कठड्यावर शाल पांघरून बसायचे आणि बघायचे. माझ्या डोक्यात धावणं म्हणजे सुटायचं आणि दम लागेस्तोवर पळायचं. इथे मला काहीच उमजेना. पोरं दोन चकरा धावत आणि थांबत. थांबून हात कमरेवर ठेवून फिरत. मग पुन्हा दोन चकरा. एवढ्या लांबून अंधारात येऊन निम्मा वेळ उभं राहायचं तर यायचं कशाला? त्याहून गंमत म्हणजे जोरात धावणाऱ्याला इथे शिक्षा होती. काका घड्याळ घेऊन रेघेवर उभे राहत आणि पोरं समोरून गेली की ओरडत, "एकतालीस! बयालीस! अडतीस कोन आला? बाहेर!" अडतीस सेकंदांत आलेला पोट्टा मान खाली घालून बाहेर येऊन बसे आणि बेचाळीसवाला पुढे धावत राही. मी भाचीला विचारलं, हे काय उलटंच? ती म्हणाली, "मामी, थंडी पडली की समजते." म्हणजे काय ते मला तेव्हाही समजलं नाही, आत्ताही नाही.

हिशोब काकांनीच एकदा काडीनं मातीत काढून दाखवला. अग्निवीरच्या भरतीत 1600 मीटर धावावं लागतं आणि सगळ्यात वरचे 60 गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांच्या आत. साडेपाच मिनिटं म्हणजे 330 सेकंद. आमच्या मैदानाच्या आठ चकरा. भागाकार केला की एका चकरेला सव्वाएक्केचाळीस सेकंद. बस, तेवढंच. पण भरतीच्या दिवशी एकेका बॅचमध्ये पोरांचा मोठा घोळका एकदम सुटतो, ढकलाढकली होते, प्रत्येकाला पुढे राहायचं असतं, आणि पहिली चक्कर जो तो छत्तीस-सदतीसमध्ये काढतो. मग पाचव्या-सहाव्या चकरेला पाय दगड होतात. गडी तिथेच जातो. "शेवटच्या चकरेत कोनी फेल होत नसते, वहिनी. फेल होते पहिल्या चकरेत, समजते शेवटच्या चकरेत." म्हणून इथे पहिली चक्कर हळू काढायची शिस्त, आणि म्हणून अडतीसवाला बाहेर.

मुलींचा आकडा वेगळा. केंद्रीय दलांसाठी त्यांना 1.6 किलोमीटर साडेआठ मिनिटांत काढायचं असतं. चकरेला पावणेचौसष्टच्या आत आलं की झालं. मध्य प्रदेश पोलिसात 800 मीटर, लांब उडी आणि गोळा. माझं माहेर काटोलचं. तिथे माझा भाचा, म्हणजे सख्ख्या भावाचा मुलगा, महाराष्ट्र पोलिसाची तयारी करतो. त्याला 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळा, मिळून 50 गुण. उडी नाही. तो आणि भाची फोनवर एकमेकांचं ऐकतात आणि एकमेकांचा हेवा करतात. घरातली बोली एक, संत्र्याची बाग एकसारखी, सोयरीक इकडची तिकडे. पण 1956 साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा काटोल-नागपूर तिकडे गेलं आणि सौंसर-पांढुर्णा इकडे राहिलं. 2023 पर्यंत आम्ही छिंदवाड्यात होतो, मग पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. माझीच दोन भाचरं, एक उडी मारते आणि एक मारत नाही.

तर मी कठड्यावर. एकदा थंडी फार होती, काका जवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, बसून बसून गारठान. एक चक्कर मारा." मी म्हटलं, मी कायले? ते म्हणाले, "कायलेच नाही. मारा."

चक्कर मारली. अर्धी चालत, थोडी धावत, उरलेली पुन्हा चालत. दोनशे मीटर म्हणजे पोस्टापासून बसस्टँडच्या निम्म्यापर्यंतसुद्धा नाही, पण छातीत असा धपधप आवाज सुरू झाला की मला वाटलं सगळ्यांना ऐकू जातोय. पोरांनी मात्र वळूनही पाहिलं नाही. हे मला फार बरं वाटलं. आपल्याकडे बाई काही नवीन करायला लागली की दहा लोक टाळ्या वाजवतात आणि दहा हसतात. इथे दोन्ही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं.

माझा मात्र टाइम कोणी घेतला नाही. काकांनी तसं बजावूनच ठेवलं होतं. मला सांगितलं ते एवढंच: एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, आणि पळताना बोलत राहा. बोलणं तुटलं की चाला. मी म्हटलं, एकटी काय बोलू? तेव्हा त्यांनी एका पोराला माझ्याबरोबर दिलं. आणि ते पोरगं कोण, तर ग्रुपमधलं सगळ्यात वेगवान. ज्याचं 1600 मीटर साडेपाचच्या आतच होतं, आणि ज्याच्या वयाच्या अटीत आता एकच भरती उरली होती. मला लाजल्यासारखं झालं. त्या बिचाऱ्याचा वेळ माझ्या मागे का घालवायचा? मी काकांना तसं म्हटलंही. ते नुसते हसले.

बोलायला विषय पाहिजे, तर त्या पोरानं काढला पोस्टाचा. त्याच्या मोठ्या भावाला नुकतीच मुलगी झाली होती. पळता पळता तो विचारी, मी पळता पळता उत्तर देई.

"मॅडम, सुकन्याचं खातं किती वर्षांच्या आत काढा लागते?"

"दहा."

"पोरीच्या का बापाच्या नावानं?"

"पोरीच्या… बाप… पालक."

"अन् बंद कधी होते?"

याचं उत्तर लांब होतं, म्हणून मी चालायला लागले.

अशी आमची पहाट चालायची. आरडी झाली, मासिक उत्पन्न योजना झाली, आधार लिंक झालं. काउंटरवर मी हीच उत्तरं दिवसभर देते, पण तिथे बसून. श्वास आणि वाक्य यांचं गणित इतकं पक्कं असतं हे मला माहीत नव्हतं. चार शब्दांचं वाक्य पुरं झालं तर वेग बरोबर, दोन शब्दांवर तुटलं तर जास्त. हा काकांचा थर्मामीटर. पुढे पुढे मला एका दमात पीपीएफचे नियम सांगता येऊ लागले. ऐकणाऱ्याला कंटाळा आला असेल, मला झाला तो आनंद.

आता त्या पोराचं कोडं. दोन-चार आठवड्यांनी मला दिसलं की माझ्याबरोबर दर वेळी वेगळा गडी असतो, पण असतो तो वरच्या फळीतलाच. आज हा, परवा तो. आणि काका लांबून त्याच्यावर ओरडत, "वहिनीच्या पुढं जायचं नाही! पुढं गेला तर उद्या सुट्टी!" मग एकदा भाचीनं उलगडा केला. जोराच्या सरावाच्या दुसऱ्या दिवशी अंग मोकळं करायला हळू धावायचं असतं. हळू म्हणजे खरंच हळू, नाहीतर पाय भरून येतात, नळीची हाडं दुखतात आणि पुढच्या जोराच्या सरावाला दम उरत नाही. पण भरतीच्या पोराला हळू धाव म्हटलं तर ते ऐकत नाही. एकटं सोडलं की तिसऱ्या मिनिटाला सुटलंच. दोन वेगवान पोरं एकत्र ठेवली की शर्यत लागते. म्हणून काकांनी शोध लावला होता माझा. मी त्या ग्रुपचा ब्रेक होते. त्या पोराचा वेळ मी घालवत नव्हते, त्याचे पाय वाचवत होते.

हे कळल्यावर मला राग यायला हवा होता का? मला तर बढती मिळाल्यासारखं वाटलं.

मुलींचं जग त्याच मैदानावर, पण थोडं वेगळं. पोरं उघड्या अंगानं बीमला लोंबकळतात. मुली ओढणीची गाठ पाठीमागे घट्ट मारून, वरून भावाचं जाकीट घालून येतात. एक अनवाणीच धावते, बूट दिले तरी काढून ठेवते. म्हणते, पाय जमिनीला लागला की समजते कुठं पडला. पहिल्याच आठवड्यात भाचीनं मला मागच्या खोलीत नेऊन, दार लावून, एक पिशवी दिली. आत धावण्यासाठीची घट्ट ब्रा होती. "मामी, हे घातल्याशिवाय पळू नको, पाठ न् खांदे दुखतात." तिला हे दुसऱ्या एका मुलीनं सांगितलं होतं आणि तिला आणखी कोणीतरी. धावण्याबद्दल एवढं लोक बोलतात, बुटांबद्दल तर तासन् तास बोलतात, पण बाईला सगळ्यात आधी लागणारी गोष्ट दार लावून सांगावी लागते. मी ती पोस्टातल्या दोघींना दार न लावता सांगितली. एकीनं कानावर हात ठेवले आणि संध्याकाळी कुठे मिळते ते फोनवर विचारलं.

आणि अंधार. रविवारी लांब पल्ला असतो, मैदान सोडून रस्त्यानं जायचं. पहाटे पाचला तिथे दिव्याचं नाव नाही. तेव्हा एका मुलीचे वडील मोटरसायकल घेऊन मुलींच्या मागे चालत. पहिला गिअर, पाय दोन्ही बाजूंना जमिनीला टेकत टेकत, हेडलाइट मुलींच्या पुढ्यात. त्या उजेडात खड्डा दिसतो, साप दिसतो, आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळतं की इथे माणसं आहेत. त्या दादांना ऊस नाही, संत्रा नाही, थोडी कपाशी आणि तूर. पेट्रोलचा हिशोब ते कधी बोलून दाखवत नसत, पण उतारावर इंजिन बंद करून दिवा तेवढा चालू ठेवत, हे मी पाहिलं आहे.

मंगळवारी आणि शनिवारी आम्ही देवळाच्या बाजूला जात नाही. गर्दी असते, प्रसादाच्या गाड्या पहाटेपासून लागलेल्या असतात, पायी येणाऱ्यांची रांग असते. 2023 मध्ये देवळाच्या हनुमान लोक या नव्या आवाराचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून बांधकामाच्या गाड्यांचीही भर. रविवारी मात्र लांब पल्ल्याचा शेवट पोरं मंदिराशी करतात. बाहेर बूट काढायचे, पिंपळाखालच्या देवाला हात जोडायचे. आमचा मारोती निजलेला आहे. बाकी बहुतेक ठिकाणी तो उभा, पर्वत उचललेला, झेप घेतलेला, जामसांवलीला आडवा. त्याच्या नाभीतून येणारं पाणी भाविक तीर्थ म्हणून घेतात, दुखण्यावर, डोक्याच्या आजारावर लांबून लोक येतात. मला आपलं दर वेळी वाटतं, सबंध लंका पालथी घालून आलेल्यालाही हळू दिवस लागतच असेल. हे मी काकांना बोलून दाखवलं. फौजी माणूस, देवाच्या बाबतीत थट्टा चालत नाही. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण पुढच्या रविवारी एका आगाऊ पोराला म्हणाले, "देव झोपते बे, अन् तुले रिकव्हरी नाही पायजे?"

संक्रांत झाली आणि माझ्या डाव्या पायाची नळी दुखायला लागली. आतल्या बाजूला, हाडाला लागून, बोटानं दाबलं की कळ. कॅलेंडर उलटायला उभं राहिलं तरी दुखे. काकांनी बोट फिरवून दुखरी जागा किती लांब आहे ते पाहिलं. वीतभर पसरून दुखत असेल तर डांबरी रस्त्याचा आणि वाढलेल्या धावण्याचा परिणाम, विश्रांतीनं जातं. एकाच टिचभर जागी, रात्री झोपतानाही ठणकत असेल तर हाडाला चीर असू शकते, मग डॉक्टर आणि फोटो. माझं पहिल्या जातीचं निघालं. धावणं बंद, चालणं चालू, फडक्यात बर्फ, आणि परत सुरू करताना डांबर सोडून कडेची माती. पोरांचा याबाबतचा खाक्या भयंकर असतो. गोळी खायची आणि पळायचं, कारण तारीख जवळ आलेली. एकानं तसं केलं आणि भरतीच्या महिन्यात लंगडत बसला. त्याच्याजवळ थांबायला वेळ नव्हता. माझ्याजवळ होता. या ग्रुपमध्ये मी आणि ते यांच्यात फरक म्हटला तर हाच, आणि तो सगळा वयाचा नाही.

पोरांच्या मोबाइलवर अविनाश साबळेचा फोटो असतो. बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंट. या रेजिमेंटचं केंद्र आमच्याच राज्यात, सागरला, म्हणून काकांना त्याचा जरा जास्तच पुळका. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याला रौप्य मिळालं, वेळ 8 मिनिटं 11.20 सेकंद. सोनं केनियाच्या धावपटूनं नेलं, 11.15 मध्ये. पाच शतांश सेकंदांनी. पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत त्यानं सोनंही घेतलं. पण काका पोरांना सोन्याची नाही, त्या पाच शतांशांचीच गोष्ट सांगतात. शतांश म्हणजे किती, हे दाखवायला घड्याळाचं बटण दोनदा दाबायला लावतात. कोणालाच एवढ्यात दाबता येत नाही.

माझ्या आईनं मात्र वेगळं नाव काढलं. फोनवर म्हणाली, "टीव्हीवर दाखवली होती ती बाई, लुगडं नेसून, अनवाणी धावली होती बारामतीले, तशी तू का?" म्हणजे लता करे. साठी उलटल्यावर नऊवारीत धावल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचंच काम केलं. मी आईला म्हटलं, नाही गं, तिला कारण होतं. आई गप्प झाली. मग म्हणाली, "मंग तुले काय हाय? जावई बरे आहेत ना?"

कारण नाही म्हटलं की आपल्या लोकांना काळजीच वाटते. मी पुढे पुढे शुगर आहे म्हणून सांगायला लागले. शुगर नाही. पण त्यानं सगळ्यांचं समाधान होतं.

माघात आंबिया बहर फुटला. संत्र्याच्या बागांना फूल आलं की पहाटेच्या थंड हवेत तो वास जमिनीलगत साचून राहतो, आणि धावणाऱ्याच्या छातीत चालणाऱ्यापेक्षा जास्त जातो. तेवढे दोन आठवडे मी घड्याळाकडे, बोलण्याकडे, कशाकडेच लक्ष दिलं नाही. मग ऊन आलं. चैत्रात सूर्य वर येताच चटका बसे, प्रॅक्टिस चारवर आली. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते की चकरेगणिक पाय जड होतो. मैदान बंद, पुन्हा डांबराची कड.

पोळा जवळ आला तशी काकांची भाषा बदलली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या अल्याडून पांढुर्णा, पल्याडून सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावरचा झेंडा. तो काढण्यासाठी दिवसभर दोन्ही तीरांवरून दगड. पळून जाणाऱ्या एका जोडप्याची गोष्ट त्यामागे सांगतात. दरवर्षी डोकी फुटतात, ॲम्ब्युलन्स उभ्या असतात, पोलीस असतात, तरी गर्दी हटत नाही. आमच्या पोरांपैकी काहींचे वडील, आजे त्यात खेळलेले. घरून अडवणारं कोणी नाही, उलट चढवणारे. काकांनी मात्र ग्रुपवर लिहिलं: जो गोटमारला जाईल त्यानं परत मैदानावर येऊ नये. एकानं विचारलं, नुसतं बघायला? काकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "दगडाले समजत नाही तू पाहाले आला का माराले. डोळ्याले लागलं त मेडिकलमंधी काय सांगशीन? परंपरा होती म्हनून?" त्या दिवशी पहाटे त्यांनी मुद्दाम लांब पल्ला ठेवला, इतका की घरी जाऊन पोरं आडवीच झाली. कोणी गेलं असेल तर मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी डोकी जागेवर होती, एवढं मी पाहिलं.

ज्या मुलीचे वडील दिवा धरायचे तिचं शारीरिक चाचणीचं बोलावणं आलं. पूर्वी असली पत्रं आमच्याच खिडकीतून जात. पाकीट उलटं धरून, आत काय आहे याचा अंदाज घेत पोरं तिथेच उभी राहत. आता प्रवेशपत्र मोबाइलवर येतं. तिनं ते मला दाखवायला पोस्टात आणलं आणि मी सवयीनं त्यावर शिक्का शोधला. ती आणि वडील गेले, ती पास झाली, पुढच्या टप्प्यासाठी नातेवाइकांकडे राहिली. भाचीची तारीख अजून यायची आहे. वयाच्या काठावरचा तो पोरगा शेवटच्या भरतीत धावला आणि बीममध्ये मागे पडला. आता तो नागपूरला एका गोदामात कामाला आहे. रविवारी गावी आला की मैदानावर येतो. काका त्याचाही टाइम घेत नाहीत, तो माझ्याबरोबर धावतो. भावाच्या मुलीचं खातं त्यानं स्वतः येऊन काढलं.

पण ती मुलगी गेली तसा तिच्या वडिलांचा दिवाही गेला. रविवारच्या रस्त्यावर मुलींच्या मागे अंधार. दोन रविवार आम्ही मैदानातच गोल गोल फिरलो. मी म्हटलं, माझी स्कूटी आहे. काका म्हणाले, "तुम्ही स्कूटी चालवान त मंग या पोट्ट्यांले हळू कोन ठेवन?" प्रश्न बरोबर होता. भाचीनं मामांचं नाव सुचवलं. मामांनी वर्षभर आमच्या धावण्यावर एक अवाक्षर काढलं नव्हतं, फक्त पावणेपाचचा गजर वाजला की उशी कानावर घ्यायचे. भाचीनं रात्री त्यांच्यासमोर ताट वाढता वाढता विषय काढला, आणि तिला ते नाही म्हणू शकत नाहीत.

आता दर रविवारी हे स्कूटीवर. कानटोपी, मफलर, वरून माझी शाल. पुढे मुली, त्यांच्या मागे मी आणि माझ्या बाजूला ओढ लागलेला एखादा वेगवान पोट्टा, आणि आमच्या मागून दिवा. पहिल्या रविवारी मैलभर गेल्यावर हॉर्न वाजला. मला वाटलं ट्रक आला. वळून पाहिलं तर हेच, दोन्ही पाय जमिनीला टेकवून तोल सांभाळत.

"इतकी हळू गाडी चालत नसते," हे ओरडले. "मी पडतो आता. जरा जोरात धावा न बाप्पा!"

बाजूचा पोट्टा माझ्याकडे आशेनं पाहायला लागला. मी मान हलवली.